अभ्यासिकेतली काळी पाटी

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं. बाहेरून पत्रकार यायचे, चौकात गाडी उभी करून चहावाल्यालाच विचारायचे की शेतकऱ्याने आत्महत्या केलेलं घर कुठे आहे. त्यातले एक साहेब एकदा घाटंजीला आमच्या वस्तीत, विहाराच्या अभ्यासिकेत येऊन बसले. सोबत फोटोग्राफर होता. त्याने भिंतीशी बसलेल्या दोन बायकांना मान जरा खाली घालायला सांगितली आणि मला म्हणाला, ताई, ते कॉम्प्युटर जरा बाजूला सरकवता का, फोटोत बरे दिसत नाहीत.

मी म्हटलं, फोटो काढायचाच असेल तर कॉम्प्युटरचा काढा. तो म्हणाला, कॉम्प्युटर काय, सगळीकडेच असतात. मग रडणं फक्त इथेच असतं का, असं मी विचारलं, आणि ते दोघे उठून गेले. कापसाचे हाल खोटे नव्हते. शेजारच्या गल्लीतल्या माणसांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. पण आम्ही काही चोवीस तास मान खाली घालून बसलेलो नव्हतो. आम्ही त्या वर्षी लिनक्स शिकत होतो. त्यावरून वस्तीत जे रणकंदन झालं, ते कुठल्याही पेपरात आलं नाही, म्हणून ते मीच लिहिते आहे.

हे चार कॉम्प्युटर यवतमाळच्या एका बंद पडलेल्या कॉलेजातून आले होते. त्यांना ते भंगारात घालायचे होते, मी मागून घेतले. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस खाली करून परतणाऱ्या एका ट्रॉलीत घालून आणले. सगळ्यांच्या फटींत रुई अडकलेली, ती आम्ही कोंबडीच्या पिसांनी काढली. मी तेव्हा नुकती बीए झाले होते आणि बाजारातल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकून आले होते. शिकून म्हणजे काय, तर खाली डावीकडचं बटण दाबा, वरून तिसरी ओळ धरा, मग उजवीकडे जा. बाकी कशाला हात लावायचा नाही, बिघडेल. तिथल्या सरांनी नवा कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यावर तिसऱ्या ओळीच्या जागी दुसरंच काही होतं. आमची अख्खी बॅच मुकी झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात राग होता की ह्यांनी आपल्याला शिकवलं काहीच नाही, नुसती वाट पाठ करून घेतली.

आणलेल्या मशिनी पुसलेल्या होत्या, आत काहीच नव्हतं. यवतमाळच्या बसस्टँडवर मी कॉम्प्युटरचं एक मासिक घेतलं, त्यासोबत लिनक्सची सीडी होती, मशीन चालवायला आत जे लागतं ते सगळं त्यात होतं. ती घातली आणि सांगेल तसं 'हो' म्हणत गेले. तासाभराने पडद्यावर एक चित्र आलं, वर पट्टी, बाजूला खुणा. मेनूची भाषा मराठी करता येत होती. फाइलला 'धारिका', फोल्डरला 'संचयिका' असे शब्द वाचून शिकायला जमलेल्या वस्तीतल्या पोरी खो खो हसल्या, पण वाचता येत होतं ना. आपल्या भाषेत कॉम्प्युटर बोलतो हे वस्तीत कुणी पाहिलेलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी लाइट गेली. भारनियमनाचा तो काळ, लाइट कधी जाईल आणि कधी येईल ह्याचं वेळापत्रक नुसतं छापलेलं असायचं. लाइट आल्यावर मशीन सुरू केली तर चित्र गायब. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं आणि शेवटी लुकलुकणारी एक आडवी रेघ. पोरी म्हणाल्या, मेली मशीन. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण क्लासमधले सर डोळ्यांपुढे आले आणि मी हट्टाने ती अक्षरं एकेक करून वाचली. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लाइट अचानक गेली, डिस्क तपासायची आहे, तपासू का, एवढंच ती विचारत होती. मी 'हो'चं अक्षर दाबलं. तपासून झाल्यावर रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. मासिकात पाहून दोन अक्षरं टाइप केली, तर आम्ही आदल्या दिवशी केलेल्या सगळ्या फाइलींची नावं पडद्यावर आली. काहीही गेलेलं नव्हतं. मग चित्र सुरू करायची आज्ञा दिली आणि चित्रही आलं.

त्या दुपारी मला जे कळलं ते क्लासच्या सहा महिन्यांत कळलं नव्हतं. आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ते रंगीत चित्र कॉम्प्युटर नाहीच. तोही एक प्रोग्राम आहे, वरून नेसवलेला. त्याला डेस्कटॉप म्हणतात. तो नसला तरी मशीन जिवंत असते, ऐकते, उत्तर देते. काळ्या पडद्यावर तुम्ही लिहून सांगायचं, ती लिहून सांगणार. त्याला टर्मिनल म्हणतात, पण पोरींनी त्याचं नाव काळी पाटी पाडलं आणि तेच राहिलं.

पुढे कळलं की डेस्कटॉप एक नसतो. त्याच सीडीवर दुसरे होते. एकाची पट्टी खाली, खिडक्या गुळगुळीत आणि डौल मोठा, पण आमच्या म्हाताऱ्या मशिनींना तो पेलायचा नाही, एकेक खिडकी उघडायला चहा होऊन जायचा. दुसरा साधा, हलका, पटकन उठणारा. तिसऱ्यात तर पट्टीच नव्हती, रिकाम्या पडद्यावर उजवं बटण दाबलं की तिथेच मेनू उगवायचा. नाव टाकून आत शिरताना कोणता हवा ते निवडायचं. फाइली त्याच, काम तेच. साडी बदलली म्हणून बाई बदलत नाही, असं मी पोरींना सांगायचे.

मग मी एक पद्धत पाडली. दर सोमवारी डेस्कटॉप बदलायचा. ज्या आठवड्यात सगळ्यांचा हात बसला, त्याच्या पुढच्या सोमवारी सगळं हलवून टाकायचं. आणि गुरुवारी चित्रच बंद, दिवसभर काळी पाटी. फोल्डर बनव, फाइल त्यात टाक, नाव बदल, सगळं लिहून. सुरुवातीला पोरी चिडायच्या. नंतर सोमवारी आल्या आल्या स्वतःच शोधायला लागायच्या. बटण कुठे आहे हे कुणी विचारेनासं झालं. मला हे करायचं आहे, ह्याने ते कुठे ठेवलं असेल, असं आपसांत बोलायला लागल्या. मशीन बिघडवायलाही माझी मुभा होती. बिघडली तर काळ्या पाटीवर बसून दुरुस्त करायची, हीच शिक्षा.

ह्या सगळ्यांत तरबेज झाली ती दादाजींची सून. सकाळी कापूस वेचायला जायची, दुपारी यायची. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असायची, तरी कळफलकावर ती बोटं माझ्यापेक्षा जोरात चालायची. तिला एका जिनिंगच्या ऑफिसात काट्यावर ऑपरेटर व्हायचं होतं. आलेल्या गाडीचं वजन कॉम्प्युटरवर चढवायचं काम. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की तिथे एक जागा भरणार होते आणि परीक्षा घेणार होते. कमरेला वेचणीची ओटी बांधून वाकण्यापेक्षा खुर्चीवर बसून तोच कापूस मोजायचा, असं ती म्हणायची.

दादाजी म्हणजे तिचे सासरे आणि विहार समितीचे अध्यक्ष. सगळी वस्ती त्यांना दादाजी म्हणायची आणि त्यांच्यापुढे आवाज खाली आणायची. छप्पन सालच्या धर्मांतराच्या वेळी ते पोरगेले होते. त्यांच्या बापाने गावची मेलेली ढोरं ओढणं त्या वर्षी बंद केलं, शिळंपाकं आणणं बंद केलं, आणि त्याची किंमत अख्ख्या घराने कशी मोजली हे त्यांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे उरलेलं, उतरलेलं, फुकट मिळालेलं म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. लग्नात वाढताना कुणी भांडं खरवडलं तरी ते पानावरून उठायचे.

एका सोमवारी ते अभ्यासिकेत आले. पट्टी खालून वर गेली होती, पोरी शोधत होत्या. दादाजींनी विचारलं, बाजारातल्या क्लासात असंच दिसते का. मी म्हटलं, नाही, वेगळं दिसतं. मग इथे वेगळं कायले, असं त्यांनी विचारलं. मी सीडीचं सांगितलं, फुकट असल्याचं सांगितलं, कॉलेजचं भंगार तर त्यांना ठाऊकच होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या बापानं मेलेलं ओढणं सोडलं, अन् तू शिकली-सवरली पोरगी मेलेल्या मशिनी ओढून आणून राह्यली. त्याच्यात भरलं तेबी फुकटचं."

माझ्या जिव्हारी लागलं. मी भांडले. म्हटलं, दादाजी, उष्टं ते असतं जे कुणाचं खाऊन उरतं. हे कुणाचं उरलेलं नाही. जगभरच्या माणसांनी हे मिळून बांधलं आहे आणि कसं बांधलं ते उघडं ठेवलं आहे. घ्या, पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. देताना कुणी आपल्याला आडनाव विचारलं नाही. त्यांना ते पटलं नाही. फुकट कोण देते, त्यात काही तरी मेख असते, हा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव होता आणि तो खोटा होता असं मला आजही म्हणता येणार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की सून उद्या परीक्षेला बसेल, तिथे बाजारातलं चित्र असेल, ती गोंधळेल आणि लोक हसतील. वस्तीतल्या पोरींना दुय्यम शिकवलं म्हणतील. पोरींची फजिती त्यांना नको होती. मलाही नको होती. भांडण त्यावरूनच होतं.

पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदना झाली. समितीचे खजिनदार बाजारातून एक सीडी घेऊन आले होते. सगळे क्लास जी वापरतात तीच, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. कव्हर नव्हतं, सीडीवर निळ्या पेनाने नाव आणि एक लांबलचक नंबर लिहिलेला. तो नंबर टाकला की चालते म्हणाले, सगळा तालुका ह्याच एका नंबरवर चालतो. दादाजींनी मान हलवली आणि मला म्हणाले, टाक ही चारही मशिनींत.

मी उभी राहिले. "दादाजी, आत्ताच आपण सगळ्यांनी हात जोडून पंचशील घेतलं. त्यातलं दुसरं काय होतं?"

न दिलेलं घेणार नाही, हे शील तिथली लहान पोरंसुद्धा झोपेत म्हणू शकत होती. मी म्हटलं, ही सीडी ज्यांची आहे त्यांनी ती आपल्याला दिलेली नाही. ते तिची किंमत घेतात. आपल्याजवळ किंमत असेल तर विकत आणा, मी उद्या टाकते, माझं काही म्हणणं नाही. पण हा चोरलेला नंबर मी माझ्या हाताने टाकणार नाही. आणि ज्याला तुम्ही फुकटचं म्हणता ते दिलेलं आहे, लिहून दिलेलं आहे.

खजिनदार चिडले, मोठ्यांना शिकवते म्हणाले. माझ्या आईने पदराआडून मला बस म्हणून खुणावलं. दादाजींचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी सीडी खजिनदारांच्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "चोरीचं नाई पाह्यजे. पण हेबी मले पटलं नाई. सून परीक्षेले जाऊन राह्यली. तिचं झालं तं मशिनी राहतीन. नाई झालं तं उचल, अन् अभ्यासिका मोकळी कर."

ही अट अन्यायाची होती. एका बाईच्या एका परीक्षेवर चार मशिनी आणि सगळ्या पोरी टांगून ठेवायच्या, हा कुठला न्याय. तसं मी सुनेला म्हटलं. ती म्हणाली, तू नको काळजी करू, फक्त सोमवारचं बदलणं बंद नको करू.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दादाजी धुतलेलं पांढरं धोतर नेसून आलेले. जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग होती आणि हवेत रुई उडत होती, केसांत, पापण्यांत बसत होती. ऑफिसात दोन मशिनी, चार उमेदवार. बाकी तीन पुरुष होते. काम साधंच होतं. गाड्यांच्या नोंदींचा एक तक्ता टाइप करायचा, बेरीज आणायची, सांगितलेल्या नावाने सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि छापून द्यायचा.

मी आणि दादाजी खिडकीबाहेर उभे होतो. सून बसली आणि माउस हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. त्या काळच्या माउसच्या पोटात गोळी असायची, आणि त्या ऑफिसातल्या गोळीभोवती हंगामाची रुई गुंडाळलेली असणार. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने माउस आपटून आपटून अर्धा वेळ घालवला होता. तिने माउस बाजूला सारला. कळफलकावरच्या कळांनी मेनू उघडला, बाणांच्या कळांनी खाली गेली, मध्येच थांबून पडद्यावरच्या ओळी शांतपणे वाचल्या. ते चित्र तिने आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पण सोमवारच्या सोमवारी नवं चित्र पाहायची तिला सवय होती, आणि गुरुवारी चित्राशिवाय. कागद छापून तिने टेबलावर ठेवला तेव्हा दुसऱ्या मशीनवरचा माणूस बेरजेशीच झटत होता.

मॅनेजरने कागद पाहिला. बरोबर आहे म्हणाला. मग कुठल्या क्लासला शिकल्या, सर्टिफिकेट दाखवा म्हणाला. तिने सांगितलं, अभ्यासिकेत शिकले. कुठली अभ्यासिका, तर वस्तीतल्या विहाराची. मग त्याने आडनाव विचारलं. अर्जावर लिहिलेलं होतं, तरी विचारलं. तिने सांगितलं. तो बराच गोड आवाजात म्हणाला की काम चांगलं आहे, पण सर्टिफिकेटशिवाय आम्हाला चालत नाही, आणि हंगामात रात्री-बेरात्री गाड्या येतात, बाईमाणसाचं काम नव्हे. मी खिडकीतूनच म्हटलं, मग अर्ज घेतानाच सांगायचं होतं. त्याने मला तुम्ही कोण असं विचारलं. दादाजींनी माझा दंड धरला आणि बाहेर आणलं.

परतताना ऑटोत सून मधे बसली होती आणि धोतराला चिकटलेली रुई दादाजी बोटांनी वेचत होते. मला वाटलं, ती निदान रडेल. ती रडली नाही. संतापाने मलाच रडू येत होतं, पण त्या फोटोग्राफरच्या नाकावर टिच्चून मी ते गिळलं.

संध्याकाळी मी अभ्यासिकेत गेले. शब्द म्हणजे शब्द. अट अन्यायाची होती, पण मी ती ऐकून घेतली होती आणि आता कुणाच्या पाया पडायला मी जाणार नव्हते. माझ्या घराच्या ओसरीवर दोन मशिनी मावल्या असत्या, दोन मावशीकडे. पोरींना तिकडे बोलावणार होते. पहिल्या मशीनची वायर काढून गुंडाळली. दुसरीला हात घातला तेवढ्यात सून आली, तिसरी मशीन सुरू केली आणि खुर्चीवर बसली. चित्र आलं ते तिने बंद केलं आणि काळी पाटी काढली. मी म्हटलं, अगं, आवरायचं आहे. ती टाइप करत राहिली.

दादाजी दारात आले, मागे समितीची दोन माणसं. आमच्याकडे सासरा समोर आला की सून खुर्चीवरून उठते, पदर सावरते, बाजूला होते. सांगावं लागत नाही, अंग आपोआप उठतं. मी स्वतः उठले. ती उठली नाही. पडद्याकडे पाहतच तिने सांगितलं, "मामाजी, माहं झालं नाई असं नोका म्हणू. परीक्षेत मले सगळं आलं. त्या मानसाले मी चालली नाई, ते येगळं."

मागच्या दोघांपैकी एकजण घसा खाकरून काही बोलायला लागला. दादाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातल्या वायरीकडे पाहिलं.

"मंग तू बंद कायले करून राह्यली?" ते मला म्हणाले.

मी वायर सोडली. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि सुनेच्या शेजारी, तिच्या खुर्चीपेक्षा खाली, बसले. चष्मा पुसला. काळ्या पडद्याकडे पाहून म्हणाले, मले पहिल्यापासून दाखव. ती म्हणाली, पहिल्यापासून म्हणजे आधी तुमचं खातं उघडावं लागेल. तिने त्यांचं नाव टाइप केलं. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, पण टाइप केलं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. मग कळफलक त्यांच्याकडे सरकवून म्हणाली, आता पासवर्ड, तो मला सांगायचा नाही, कुणालाच सांगायचा नाही, तुमचा तुम्ही ठेवायचा.

दादाजींनी एका बोटाने एक कळ दाबली. मग दुसरी. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ते थांबले.

"दिसून नाई राह्यलं."

"दिसत नसते, मामाजी," ती म्हणाली. "पण ते घेऊन राह्यलं. तुमी लिहा."